भाऊसाहेबांची जोडी

आमचे भाऊसाहेब वकील घाटंजीच्या कोर्टात कधी डुक्कर फियाटमधून यायचे, कधी कॉन्टेसामधून, आणि जी गाडी घरी राहिली असेल तिचीच दिवसभर तारीफ करायचे. फियाट त्यांच्या वडिलांच्या जमान्यातली. कॉन्टेसा त्यांनी स्वतः, वकिली भरात असताना घेतलेली. मी त्यांचा ज्युनिअर. कायद्यापेक्षा ही तुलनाच जास्त ऐकली, बाप्पा!

“जुनीचं दार उलटं उघडते, पण माणूस सरळ उतरते,” ते म्हणायचे. “नवीचं दार सरळ उघडते, अन् उतरणारा अकडून उतरते. काहून रे, खोटं आहे का?” खोटं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की लगेच गाडीत कोंबून फेरी मारून आणायचे.

माणूस लाख मोलाचा. गरिबाचा खटला फुकट लढायचे. फक्त जिभेला हाड नव्हतं. गंमत सुचली की ती बाहेर पडलीच पाहिजे.

कापसाच्या त्या वाईट वर्षांतला एक पोळा. गावाची गुरं जमतात त्या आखरावर तोरणाखाली निम्म्याही जोड्या नव्हत्या, लोकांनी बैल विकले होते. भाऊसाहेबांना लहर आली. त्यांनी दोन्ही गाड्या आणवून तोरणाखाली शेजारी-शेजारी उभ्या केल्या आणि पोळ्यात म्हणतात तशी झडती ठोकली:

“म्हातारी निंगे चिखलातून, नवी बसे रुतून,
दोघी पेट्रोल पेतात माह्याच खिशातून,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!”

लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो.

गर्दीत मारोतराव होता. वर्षानुवर्षं तोरणात पहिली जोडी त्याची असायची. ती त्याने उन्हाळ्यातच विकली होती. तो हसला नाही. घरी गेला आणि बैलांच्या झुली घेऊन परत आला. आता हा भांडणार, असं मला वाटलं. त्याने एकेक झूल दोन्ही बॉनेटांवर पांघरली, चाकांना कुंकू लावलं, हात जोडले.

“बरं केलं साहेब. तोरन रितं जाऊ नाही देल्लं. जोडी ते जोडीच.”

भाऊसाहेबांचा चेहरा पार उतरला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते त्याच्या घरी गेले.

“मारोतराव, थट्टा केली मी. चुकलो.”

“थट्टा कायची साहेब? झुली पडूनच होत्या घरी, कामी आल्या,” म्हणत त्याने आम्हाला चहा पाजला.

परतताना भाऊसाहेब म्हणाले, “शिवी दिली असती तर सुटलो असतो रे. यानं माफी मागायलेही जागा नाही ठेवली.” तेव्हापासून गाड्यांची तुलना बंद. कुणी छेडलं तर “कायले उकरतं?” म्हणून फाइल उघडायचे.

पुढच्या पोळ्याची आदली संध्याकाळ. बैलांचे खांदे शेकून, त्यांना तूप-हळद चोळून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायची वेळ. मारोतराव वाटी घेऊन वकिलांच्या अंगणात हजर! त्याच्या गोठ्यात अजून बैल आला नव्हता. त्याने फियाटच्या मडगार्डला तूप चोळलं आणि हळूच म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मग तो कॉन्टेसापाशी अडला.

“साहेब, इचा खांदा कोनता समजाचा?”

भाऊसाहेबांनी पुढे होऊन त्याचा तुपाचा हात धरला, मडगार्डवर ठेवला आणि तिथंच ढसाढसा रडायला लागले.

मारोतराव घाबरून गेला. “काहून जी साहेब? काई चुकलं का माहं?”