लाखेतलं गाणं

सुकरीचा गळा माहेरी असा होता, की ती गाऊ लागली की बायांच्या चुलीवरचं करपायचं. लग्न होऊन गोंडपिपरीकडच्या जंगलातल्या गावी आली, आणि सासूनं आल्या आल्या त्या गळ्याला बूच मारलं. घर चालायचं पळसावरच्या लाखेवर. "झाडाखाली गायचं नाई, किडा बिचकते," सासू म्हणाली. लाखेचा किडा राईहून बारीक, फांदीला चिकटलेला. तो बिचकून जाणार कुठं, हे विचारायची सुनेची काय टाप! सासू गेली, तरी सुकरीचं तोंड मिटलेलंच राहिलं.

आता नातीचं, मोनालीचं लग्न आलं. हळदीचं जुनं गोंडी गाणं गावात एकट्या सुकरीला येत होतं.

"माझा गळा गंजला वं माय," ती मोनालीला म्हणाली.

"मंग राहू दे, डीजेवाला लावन काहीबाही," मोनाली म्हणाली. सुकरीच्या मनात आलं, आपल्यासोबत हे गाणंही मातीत जाणार!

नातीच्या बांगड्या आणायला ती बसनं तालुक्याला, शफीभाऊ बांगडीवाल्याकडे गेली. ते तिच्याच लाखेच्या बांगड्या करायचे. बोलता बोलता गळ्याचं रडगाणं निघालं, सासूचा किडाही निघाला. शफीभाऊ हसतच उठले. आपल्या आजोबांच्या चावीच्या बाज्याजवळून, म्हणजे जुन्या ग्रामोफोनजवळून, एक फुटकी काळी तबकडी आणली.

"हे कायचं आहे, सांगा बरं बाई?"

"डांबराचं असन."

त्यांनी तुकडा निखाऱ्यावर धरला. कड मऊ झाली आणि वास सुटला. जन्मभर तिच्या लुगड्याला येणारा वास!

"अगे माय! लाख?"

"लाख, दगडाची भुकटी अन् काजळी. प्लास्टिक यायच्या आधी दुनियेचे गाणे याच्यावरच उमटवत होते. अन् लाख बहुतेक आपल्याच देशाच्या जंगलातली."

"गोऱ्यायचे बी गाणे?"

"गोऱ्यायचे बी. नाचाचे, रडाचे, सारेच."

त्यांनी धड तबकडी चढवून चावी दिली. सुई खरखरली, आणि कधीची मरून गेलेली कोणी बाई त्या काळ्या चकतीतून गाऊ लागली. सुकरी बाज्याच्या अगदी जवळ सरकली. ज्याच्या धाकानं ती गप्प राहिली, त्याच किड्याच्या अंगातून पाझरलेल्या लाखेनं जगभरचे गळे धरून ठेवले होते! तिनं बाज्याला हातच जोडले.

"भाऊ, हे किडे त बिचकले नाईत!"

"बिचकतीन काऊन? कवाचे ऐकून राह्यले."

गावात उतरल्यावर ती घरी न जाता पळसाखाली गेली. पहिला सूर कुरकुरला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. दुसराही तसाच. मग कुठून कोण जाणे, वाट सापडली. शोधत आलेली मोनाली मागेच थबकली.

"आजी, तुले हे पूरं येते?"

"मधात बोलू नको. ते ऐकून राह्यले," सुकरीनं फांदीकडे बोट केलं.

हळदीच्या दिवशी डीजेवाला पोटभर जेवला आणि पेटीवर बसून राहिला. त्याला कोणी उठवलंच नाही.