कानात प्लग, ओठांवर हळदीचं गाणं

हळदीतलं ते गाणं आठवलं की आजही माझ्या अंगात वारं संचारतं! चाकणला कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते, तेव्हा पहिल्या शिफ्टला ते मी रोज गायचे. मशीनचा दणदणाट, सगळ्यांच्या कानात प्लग, ऐकतंय कोण? मग काय, गाण्यातल्या वरमाईचा मी पोटभर उद्धार करायचे. एकदा ऐन दुसऱ्या कडव्यात लाइट गेली. सगळे प्रेस एकदम गप्प, आणि शेडभर फक्त माझा आवाज! अगं बाई! मी घाईघाईनं कानातले प्लग उपटले. कधीही न हसणारे सुपरवायझर तरातरा माझ्यासमोर आले. वाटलं, आता मेमो मिळणार! तर म्हणतात, “ताई, थांबलात का? तिसरं कडवं राहिलं. रोज म्हणता की, ओठांवरून कळतं मला!”