बाळारामकाकांनी पडदे बांधले तेव्हा

शेडचं दार ढकललं आणि डोळे झोंबले. भर दिवसा आत अंधार होता. चारही बाजूंचे पडदे वरपर्यंत ओढून दोरीने घट्ट बांधले होते आणि कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या.

“काका, हे काय केलंत?”

“ईसी केलं,” बाळारामकाका शांतपणे म्हणाले.

मी एका ब्रॉयलर कंपनीच्या पनवेल शाखेत फील्ड सुपरवायझर आहे. कंपनी शेतकऱ्याला पिल्लं, खाद्य, औषधं देते. तो पक्षी वाढवतो, मग कंपनी ते उचलते. त्याला लिफ्टिंग म्हणतात. काकांच्या शेडसारखी जुनी शेडं उघडी असतात. बाजूला जाळी, जाळीवर पडदे, बाकी काम वाऱ्याचं. ईसी म्हणजे वातावरण नियंत्रित केलेलं शेड, ते पूर्ण बंद असतं. एका टोकाचे मोठमोठे पंखे गरम हवा बाहेर खेचतात, दुसऱ्या टोकाच्या ओल्या पॅडमधून गार हवा आत येते. त्यात पक्षी भराभर वाढतात आणि माणसं कमी लागतात. म्हणून कंपनी उघड्या शेडांना पिल्लं देणं एकेक करून थांबवत होती. शेडचं काम थांबलं की तिथले मजूर घरी, आणि सगळी शेडं गेली की सुपरवायझरही घरी. आमच्या शाखेत दोघेच उरलो होतो, मी आणि प्रणव.

प्रणवकडे सगळी ईसी शेडं, माझ्याकडे उघडी. खारघरचा मुलगा, वडील मोठे अधिकारी, स्वतःची कार. सोमवारच्या मीटिंगला त्याच्या पक्ष्यांची वजनं स्क्रीनवर आली की माझ्या पोटात दुखायचं. माणूस चांगला होता, माझ्यासाठीही चहा आणायचा. त्या चहाचंही दुखायचं. मी चिरनेरच्या बाजूने स्कूटीवर धूळ खाऊन यायचे, आणि याच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडायची नाही.

काकांचं दुखणं बांधापलीकडे होतं. चुलतभाऊ दत्तूची जमीन रस्त्यात गेली आणि आलेल्या पैशांत त्याने ईसी शेड बांधलं. काका आदल्या दिवशी ते आतून बघून आले होते.

“दत्त्याकडं उजेड नाय, खिडकी नाय, तरी त्याचं पक्षी गुबगुबीत. मंग आमचं का नाय व्हनार?”

“त्याच्याकडे पंखे आहेत, काका.”

“पंखा आमी बी लावलाय.”

कोपऱ्यात लग्नाच्या मांडवात असतो तसला एक उभा पंखा घरघरत होता.

सोमीताई आणि तिचा नवरा शेडवरच राहून काम करायचे. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, “मी बोलले, डोलं झोंबतात. तर इचारतात, दत्त्याची मानसं कंदी रडली का?”

मला हसू आलं नाही. ही बॅच बिघडली तर काकांना पुढची पिल्लं नाहीत, असं आमच्या शाखेचे प्रमुख असलेल्या शिर्के सरांनी सांगून ठेवलं होतं. वारा थांबला की खालच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू साचतो. तोच डोळ्यांना झोंबत होता. पण पडदे एकदम सोडूनही चालत नाही. लख्ख उजेडाने पक्षी बिचकतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरतात. आम्ही सगळे दोऱ्यांना लागलो. आधी वरून हातभर, मग थोडं थांबून आणखी थोडं. मेलेले पक्षी काकांनी स्वतः पुरले.

दुपारनंतर उरलेले पक्षी पाणी प्यायला लागले. कंपनीच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं. आजार नव्हता, पण वाढ खुंटली होती. आता नुसतं खाद्य खातील, वजन धरणार नाहीत. मी शिर्के सरांना फोन लावला.

“सर, लिफ्टिंग उद्याच करू या.”

“वजन?”

“सव्वा किलो.”

“प्रणवचे दोन किलोला गेले.”

“माहीत आहे सर,” मी म्हटलं. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. “पण ढाब्यांना तंदूरसाठी लहानच लागतो. मोठा पक्षी बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. ईसीवाले एवढा लहान विकत नाहीत.”

“हे कुठून कळलं?”

“आई पळस्पे फाट्यावर ढाब्यात भांडी घासायची. माझी कॉलेजची फी त्यातूनच गेली.”

सर म्हणाले, “व्यापाऱ्याशी बोलतो.”

ज्या सरांनी मला पहिली नोकरी दिली, त्यांनी याही वेळी माझं ऐकून घेतलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. दुसऱ्या दिवशी पक्षी विकले गेले. व्यापाऱ्याने पुढच्या खेपेलाही तसलेच मागितले, आणि काकांचं शेड लहान पक्ष्यांसाठी चालू राहिलं. सोमीताई अजून तिथेच आहे. मीही आहे. बाकीची बरीच उघडी शेडं मात्र वाचली नाहीत.

प्रणवने मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पुढे त्याला बढती मिळाली आणि तो पुण्याला गेला. मी त्याला पेन दिलं, मनापासून अभिनंदन केलं, आणि त्याच्या नव्या केबिनला एसी असेल का, याचा घरी पोचेपर्यंत विचार केला.

या नोकरीत शिकले ते एवढंच. शेजाऱ्याचं शेड जरूर बघून यावं. पण आपले पडदे बांधायच्या आधी त्याचे पंखेही बघून घ्यावेत.