आक्का कुणाच्या बाजूनं होती

महानंदा आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या बसस्टँडवर होतो. मी एसटीत वाहक आहे, पालमची गाडी लागली होती आणि लोक दाराशी दाटीवाटीनं चढत होते. फोन आक्काच्या सुनेचा, गिरिजाचा. "दत्तामामा, आत्याबाई गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि पुढं बराच वेळ नुसता आक्काच्या खानावळीतल्या भांड्यांचा आवाज येत राहिला... सकाळी मेथी निवडता निवडता आक्का भिंतीला टेकली ती टेकलीच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी सोनपेठला समाजाच्या रीतीप्रमाणं तिला समाधी दिली, तेव्हा जमलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता की, बाई मोठी पुण्यवान, शांतपणे गेली. मला ते वाक्य तेव्हाही सहन झालं नाही आणि आज काही आठवडे उलटून गेल्यावरही होत नाही. आक्का शांतपणे गेली नाही. ती रागात गेली, आणि तिचा राग खरा होता. हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे म्हणून मी लिहितोय.

ती माझी सख्खी बहीण नव्हे. आमच्या फुटबॉल क्लबातल्या सगळ्यांचीच ती आक्का. सोनपेठसारख्या गावात फुटबॉल कुठला, असं बाहेरची माणसं विचारतात. निजामाचं राज्य गेल्यावर हैदराबादकडून एक ड्रिलमास्तर आमच्या शाळेत आले, त्यांनी पहिला चेंडू आणला. बाजाराच्या पलीकडं एका व्यापाऱ्याची पडीक जमीन होती, ती त्यानं पोरांना खेळायला तोंडी देऊन टाकली. तिथं 'गंगातीर फुटबॉल क्लब' उभा राहिला. आमच्या पिढीत आक्काचा धाकटा भाऊ शिवा उजव्या बाजूला पळायचा, मी डावा बॅक, आणि टेलरचा पोरगा बब्रुवान आमचा कॅप्टन. शिवाच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं. एकदा भर बाजाराच्या दिवशी शिवा दुकान सोडून मैदानावर पळाला आणि वडलांनी त्याला बोलवायला आक्काला पाठवलं. ती रेषेपाशी येऊन हाक मारणार, तेवढ्यात शिवा चेंडू घेऊन सुटला. हाक तोंडातच राहिली. ती तशीच उभी राहिली, मॅच संपल्यावर एकटीच घरी गेली आणि वडलांच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या रविवारी मात्र ती आपणहून आली, कुणाला बोलवायला नव्हे.

तिचं लग्न गावातच झालं. नवरा लवकर वारला, पदरी एक मुलगा. तिनं स्टँडजवळ खानावळ टाकली, भाकरी थापून पोराला वाढवलं, त्याचं लग्न केलं. यातल्या कुठल्याच काळात तिचा रविवार चुकला नाही. मैदानावर दुसरी बाई नसायची. समाजातल्या एका वडीलधाऱ्यानं तिला अडवून सांगितलं होतं की, बाईमाणसानं असं मैदानात उभं राहिलेलं बरं दिसत नाही. आक्का त्यांना आदरानंच म्हणाली, "मला तर हितून लय बरं दिसतंय, मामा." त्यानंतर तिला कुणी अडवलं नाही.

ज्या वर्षी आम्ही गंगाखेडच्या स्पर्धेत परभणीच्या संघाला हरवून कप आणला, त्या वर्षी परतीच्या एसटीत आक्कानं सगळ्यांना धपाटे आणि ठेचा वाढला, आणि वाढता वाढता मला बोलणीही खाऊ घातली. जिंकलो होतो, तरी माझा एक पास चुकला होता तो तिच्या डोक्यातून जात नव्हता. तिचं प्रेम तसं होतं. आम्ही नुसतं जिंकावं असं तिला वाटत नव्हतं, नीट खेळून जिंकावं असं वाटायचं.

मग वाईट दिवस आले. पोरं कामासाठी पुण्याला जाऊ लागली, शिवाही गेला. संघ कधी पुरा भरायचा नाही, चेंडूला टाके घालून घालून तो एका बाजूला कलायचा. पालमची, गंगाखेडची पोरं आमच्यावर गोलावर गोल करून जायची. ज्या गावानं कप आला तेव्हा हलगी लावली होती, ते गाव आता हॉटेलात बसून आमच्यावर हसत होतं. मैदानाच्या कडेला चरणाऱ्या शेळ्या आणि आक्का, एवढेच प्रेक्षक उरले. तू अजून कशाला जातेस, शिवा तर पुण्याला गेला, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "शिवा गेला, क्लब कुठं गेलाय?" मला वाटतं, सगळ्या प्रकरणात तिचं म्हणणं हेच होतं, शेवटपर्यंत.

क्लब जाऊ शकतो, हे तिला आणि आम्हाला नंतर कळलं. गावचाच एक माणूस बाहेर प्लॉटिंगमध्ये भरपूर कमावून परत आला. सगळे त्याला साहेब म्हणतात, मीही तेवढंच म्हणतो. त्यानं क्लब दत्तक घेतो म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, आम्हाला आनंद झाला, आणि सगळ्यांत जास्त आक्काला झाला. नवीन चेंडू आले, गोलला जाळी लागली, पोरांना लाल-पिवळ्या जर्सी मिळाल्या. त्या जर्सीचं कापड आक्कानं बोटांनी चाचपून पाहिलेलं मला आठवतंय. मग एकेक गोष्ट व्हायला लागली. आधी क्लबच्या नावापुढं साहेबांच्या वडलांचं नाव लागलं, मागं 'एफसी' लागलं आणि मधलं 'गंगातीर' एका हंगामात गळूनच गेलं. मग स्पर्धेपुरते बाहेरगावचे खेळाडू येऊ लागले. ते गाडीतून यायचे, खेळायचे, पाकीट घ्यायचे आणि त्याच गाडीतून जायचे. गावची पोरं आधी बाकावर बसली आणि नंतर बाकावरूनही उठवली गेली. व्यापाऱ्याच्या नातवांनी ती जमीन साहेबांना विकली. आजोबांचा शब्द कागदावर नव्हता, विषय संपला. भिंत आली, फाटक आलं, आत हिरवी प्लास्टिकची चटई आली आणि तासाच्या भाड्यानं मैदान मिळू लागलं. जिथं आमचे गुडघे फुटले, तिथं आमच्याच गावच्या पोरांना वॉचमन विचारू लागला की, बुकिंग आहे का.

आणि क्लब जिंकू लागला. हे सांगायलाच पाहिजे. गाव पुन्हा मैदानाकडं वळलं, हलगीची जागा डीजेनं घेतली. आता तरी खूश आहेस ना, असं लोक आक्काला विचारायचे, आणि ती तव्यावरची भाकरी उलटायची.

क्लबची एक सभा मंगल कार्यालयात झाली. बब्रुवान, आमचा कॅप्टन, आता साहेबांचा पगारी सचिव होता. स्टेजवर बसून तो वर्षभरातले कप वाचून दाखवत होता. आक्का मागच्या रांगेत होती, ती उठून उभी राहिली. गावची पोरं संघात का नाहीत, एवढंच तिनं विचारलं. बब्रुवाननं आधी हसून टाळलं, मग दर्जा, व्यावसायिकपणा असलं काहीतरी बोलला. आक्का बसेना. तेव्हा माईकवरून, सगळ्यांसमोर, तो म्हणाला, "आक्का, तुमी क्लबच्या सभासद न्हाईत. तुमाला प्रश्न विचारता येत न्हाई."

सभागृहात कुणीतरी हसलं. ज्या माणसाला तिनं कित्येक रविवारी उपाशीपोटी खेळू दिलं नव्हतं, तो माणूस तिला हे सांगत होता. आक्काचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "सभासद न्हाई मी, खरंय. पर आपुन हारत होतो तवा कडेला कोण हुबं होतं, तेवढं त्या माईकवरून सांग बाबा." बब्रुवाननं माईक बंद केला आणि चहा वाटायला सांगितला.

त्यानंतर तिनं त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. आमच्या गावच्या चांगल्या पोरांना पालमच्या संघानं बोलावून घेतलं होतं. आक्का रविवारी एसटीनं गंगाखेड आणि तिथून माझ्या गाडीनं पालमला जाऊ लागली. पासष्टी ओलांडलेली बाई, हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या गावच्या संघाची मॅच बघायला. सोनपेठात लोक म्हणू लागले की, बाई फितूर झाली. हे म्हणणारे कोण, तर आम्ही हरत होतो तेव्हा हॉटेलात बसून हसणारे. फितूर कोण झालं होतं? जी माणसांमागं गेली ती, की ज्यांनी माणसं काढून नाव विकलं ते?

पण हे तिला वाटत होतं तितकं सोपं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात गंगाखेडच्या स्पर्धेत अंतिम सामना लागला तो सोनपेठ आणि पालम यांचाच. मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. ती पालमच्या लोकांत बसली. आपली पोरं निळ्या जर्सीत होती, समोर लाल-पिवळ्या रंगात ओळखीचा एकही चेहरा नव्हता. सगळी मॅच ती निळ्या पोरांना नावानं हाका मारत होती. शेवटी शेवटी सोनपेठच्या कुठल्याशा पाहुण्या खेळाडूनं उजवीकडून असा चेंडू काढला, अगदी शिवा काढायचा तसा, आणि गोल केला. पलीकडं सोनपेठवाल्यांचा गलका उठला, आमच्या बाजूचे पालमचे सगळे लोक गप्प झाले. त्या गप्प लोकांत एकच टाळी वाजली. मी वळून पाहिलं तर ती आक्काची होती. ती आपल्या दोन्ही हातांकडं अशी बघत होती, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत...

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मी विषय काढला नाही. सोनपेठ जवळ आलं तेव्हा तीच म्हणाली, "माझ्या पोरांवर गोल झाला अन् मी टाळी वाजवली, दत्ता. रंग दिसला अन् हात उठले."

मी म्हणालो, एवढ्या वर्षांची सवय आहे आक्का, होतं असं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. "मैदान घेतलं, नाव घेतलं," ती म्हणाली. "ह्यांनी माझी टाळीबी चोरली रे."

पुढच्या रविवारी तिनं पालमला जाऊन पोरांना हे स्वतः सांगितलं. पोरं हसली नाहीत. त्यांच्यातला एक जण म्हणाला की, आक्का, समोरून लाल-पिवळा रंग अंगावर आला की आमचेही पाय अडखळत होते. तिला त्यानं थोडं बरं वाटलं असावं.

तिची माझी शेवटची भेट ती जाण्याच्या दोन-तीन दिवस आधीची. फाटकाशी नवीन काळा दगड बसला होता आणि त्यावर संस्थापक म्हणून साहेबांच्या वडलांचं नाव कोरलं होतं. त्या भल्या माणसानं आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. ड्रिलमास्तरांचं नाव कुठंच नव्हतं. आक्का म्हणाली की, येत्या सोमवारी जाऊन विचारते. तो सोमवार आलाच नाही. म्हणून म्हणतो, ती शांतपणे गेली असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी खानावळीसमोरच्या खांबांवर मोठा फ्लेक्स लागला. आक्काचा हसरा फोटो, कुठल्याशा लग्नातून कापलेला. वर साहेब, खाली बब्रुवान, मध्ये 'क्लबची माऊली'. जिला सभासद नाहीस म्हणून गप्प बसवलं, ती मेल्यावर माऊली झाली. दोन दिवसांनी बब्रुवान स्वतः घरी आला. मी तिथंच बसलो होतो. त्यानं माझ्याकडं पाहायचं टाळलं. आक्काच्या नावानं स्मृती चषक ठेवला आहे, येत्या रविवारी उद्घाटन आहे, गिरिजानं स्टेजवर येऊन साहेबांच्या हस्ते शाल घ्यावी, असं तो म्हणाला. आणि जाता जाता, जणू उपकारच करतोय अशा आवाजात, पाहुण्या खेळाडूंचं त्या दिवशीचं जेवणही आक्काच्याच खानावळीतून घेऊ, असंही म्हणाला.

गिरिजाला फुटबॉलमधलं काही कळत नाही. सासूच्या या वेडापायी रविवारची गिऱ्हाइकं परत जातात म्हणून तिनं कधीकाळी कुरबूर केलेली मी ऐकली आहे. रविवारी मॅच असो नसो, दुपारनंतर आक्काच्या खानावळीचं शटर खाली असायचं. गिरिजानं बब्रुवानला पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रविवारी बंद असतंय."

त्याला वाटलं तिला नीट समजलं नाही. तो म्हणाला की, अगं, कार्यक्रम त्यांच्याच नावाचा आहे. गिरिजानं पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच सावकाश. तो गेल्यावर तिनं खांबाला स्टूल लावलं, त्यावर चढून विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या आणि मला खालून धरायला लावलं. आक्काच्या फोटोचा तेवढा भाग तिनं कात्रीनं नीट कापून घरात नेला. बाकीचा, साहेबांसकट, आता मागच्या अंगणात सरपणावर पालथा पडलेला आहे, पावसापाण्यासाठी.

त्या रविवारी मी ड्यूटी संपवून सोनपेठला उतरलो तेव्हा मैदानाकडून डीजेचा आवाज येत होता, आणि माईकवर कुणीतरी आक्काचं नाव चुकीचं घेत होतं. स्टँडवर गर्दी होती. दोन भुकेली माणसं खानावळीचं शटर वाजवत होती. आतून गिरिजाचा आवाज आला की, संध्याकाळी या. त्यांतल्या एकानं जरा चिडूनच विचारलं की, भर दुपारी कशाला बंद ठेवता. मग ती म्हणाली, "आमची मॅच असती."

शटर काही उघडलं नाही. ती माणसं दुसरीकडं गेली, आणि मी त्या बंद शटरपाशी बराच वेळ उभा राहिलो.