टँकरवरची ड्यूटी

चार जुने होमगार्ड चहाला बसले की किस्से निघणारच. पोलिसाचं सगळं कागदावर उतरतं हो. पंचनामा काय, रिपोर्ट काय! आमचं काय उतरणार? आम्ही दिवसा आपापला धंदा करणारे आणि बोलावणं आलं की खाकी चढवणारे. मी मोंढ्यात धान्य मोजणारा मापाडी, गंगाधर गवंडी, आणि आमचे कमांडर सर शाळेत पी.टी. शिकवायचे. जत्रा असो, निवडणूक असो, पोलीस कमी पडले की आम्हाला हाक. काम झालं की कुणी ओळखसुद्धा देत न्हाई. मग उरतात ते किस्से, साचत जातात नुसते.

आमचे बहुतेक किस्से त्या दुष्काळातले. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या वर्षांतले. हसायच्या तयारीनं बसला असाल तर आधीच सांगून ठेवतो, हसू फार वेळ टिकायचं न्हाई.

*

गंगाधर भरती झाला त्या दिवसापासून सुरू करतो. सरांनी पहिलंच लेक्चर जोरात दिलं. "चीनच्या लढाईनंतर गावोगावी होमगार्ड उभे राहिले. फौज सीमेवर लढते, घर आपण राखायचं. पगारासाठी नव्हे, मनानं!" गंगाधरची छाती फुगली. खाकी अंगात घालूनच तो सायकलवर गावी गेला. गाव लोह्याच्या वाटेला, घर बौद्धवाड्यात.

दारात त्याची आई बसलेली. गयाबाई तिचं नाव. काटकुळी बाई, पण जीभ अशी की तलाठीसुद्धा वाट बदलून जायचा.

"कोन रं तू? पोलीस झालास?"

"न्हाई माय, होमगार्ड."

"पगार किती?"

"पगार न्हाई. आपखुशीनं सेवा हाय ही."

म्हातारी ताडकन उठली. निजामाच्या राज्यात रझाकार गावात घुसले तेव्हा ती तरणी पोर होती. म्हणाली, "बिनपगारी खाकीवाले म्या एकडाव बगितलेत! काड ते आदी, मंग घरात ये!"

गंगाधर बिचारा बनियनवर घरात गेला. पुढं वर्षभर तो खाकीची घडी पिशवीत घालून यायचा आणि वेशीबाहेर बाभळीआड कपडे बदलायचा.

*

नव्या जिल्ह्याची परेड लातूरला होती. आम्ही एस.टी.नं गेलो. पथकाला बूट आले होते, पण ज्याच्या पायाला जो येईल तो त्याचा. गंगाधरच्या वाट्याला आलेल्या बुटात त्याचे दोन्ही पाय एकदम मावले असते. त्यानं आत चिंध्या कोंबल्या.

सर ओरडले, "तेज चल!" आम्ही निघालो. बरोबर मंचासमोर "दाहिने देख" झालं, आम्ही माना वळवल्या, आणि गंगाधरचा बूट सुटून पुढच्या रांगेत गेला! पुढच्यानं घाबरून तो लाथेनं बाजूला उडवला. गंगाधर तसाच एका पायात बूट, एका पायात चिंध्या, मान मंचाकडं. पाऊल चुकलं न्हाई हो त्याचं!

परतताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. एक म्हातारा बाबा गाडीत चढून आमच्याजवळ आला. खाकी बघून त्याला वाटलं, हे कुणीतरी सरकारी.

"कुटून आले जी?"

"लातूरहून. आपला नवा जिल्हा झाला न्हाई का, तिथं परेड होती."

"हाव, ऐकलं. लई चांगलं झालं," बाबा म्हणाला. "मंग पानी कवा येतंय?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले.

*

त्याच उन्हाळ्यात सरांनी प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली.

"माणूस उन्हानं पडला. काय कराल?" सरांनीच उत्तर दिलं, "सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा."

"भाजला तर? गार पाण्याची धार धरा."

"विंचू चावला तर? जागा पाण्यानं स्वच्छ धुवा."

"घेरी आली तर? तोंडावर पाणी मारा."

मागून गंगाधरचा हात वर. "सर, एक शंका हाय."

"बोल."

"पानी कुटून आनायचं?"

शाळेचा हौद मार्चमध्येच कोरडा पडला होता. आम्ही सगळे सकाळी घरून निघताना एक-एक तांब्या पिऊन आलेलो. सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "चला, आज स्ट्रेचर बांधायला शिकू."

*

मग लागली टँकरची ड्यूटी. एक जण ड्रायव्हरशेजारी, एक जण मागं तोटीपाशी काठी घेऊन. दुधाच्या गाडीला कधी असा पहारा बघितला न्हाई मी!

एकदा मी आणि गंगाधर त्याच्याच गावचा टँकर घेऊन निघालो होतो. मधल्या एका वाडीला बाया रस्त्यात आडव्या बसल्या. घागरी समोर मांडलेल्या. ड्रायव्हरनं गाडी बंद केली आणि बिडी पेटवली. मी खाली उतरून शिट्टी फुंकली. परत फुंकली. एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली,

"दादा, फुकून फुकून तुजंच नरडं वाळंल. ठिव ती!"

काय करणार सांगा? काठी उगारायची कुणावर? गंगाधरनंच तोटी सोडली. निम्मा टँकर तिथं रिता झाला. उरलेला गावात विहिरीत सोडला. गावात रीत अशी, की आधी गावठाणातल्या बाया शेंदणार. बौद्धवाड्यातल्या बायांनी लांब थांबायचं, त्यांना वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. त्या दिवशी वाड्याची पाळी येईस्तोवर नुसता गाळ राहिला.

गयाबाई रिकामी घागर घेऊन लेकासमोर उभी राहिली. "वाटंतल्या बायास्नी दिलंस?"

"हाव माय."

मला वाटलं आता जिभेचा पट्टा सुटणार. पण म्हातारी म्हणाली, "बरं केलंस." आणि घागर घेऊन नदीकडं चालायला लागली. नदीत वाळू उकरून केलेला झिरा होता. गुरंही तिथंच तोंड घालायची.

*

मे महिन्यात त्या विहिरीची एक बाजू ढासळली. तळाचं पाणी वाटीनं भरायला गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची सून खाली उतरली होती. वरून दगड आले.

निरोप आला तसे आम्ही सायकली हाणत गेलो. सगळा गाव काठावर, पण खाली उतरायला कुणी धजेना. कडेचे दगड अजून सुटत होते. गंगाधर गवंडी माणूस. त्यानं विहिरीभोवती एक चक्कर मारली, दोर कमरेला बांधला आणि मला म्हणाला, "मापाडी, मी हाक दिल्याबिगर वढू नगंस."

त्यानं पोरीला खांद्यावर घेऊन वर आणलं. ती केव्हाच गेली होती. तिचा सासरा गंगाधरच्या गळ्यात पडून लहान लेकरासारखा रडला. शिवाशिव कुणाला आठवली न्हाई.

आठवली चार दिवसांनी. पारावर विषय निघाला, विहिरीत वाड्याचा माणूस उतरला, बाटली, शुद्धी करून घ्यावी. गयाबाई तिकडूनच चालली होती. थांबली.

"बाटायला आदी तिच्यात पानी तर असू द्या!"

पोरीचा सासरा उठला आणि मान खाली घालून घरी गेला. वाड्याच्या बाया मात्र पुढच्या टँकरलाही लांबच थांबल्या.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत न्हाई.

मुंबईहून एक बडे साहेब दुष्काळ बघायला येणार म्हणून वरून हुकूम आला. हेलिकॉप्टर उतरायला गंगाधरच्या गावाजवळचं माळरान ठरलं. माळावर धूळ ही एवढी! पंख्यानं धूळ उडेल, साहेबांच्या डोळ्यात जाईल, म्हणून माळ भिजवायचा ठरला. पाणी कुठलं? त्या गावाला जाणारा टँकर काही दिवस आधीपासूनच माळाकडं वळवला. एक खेप, दोन खेपा. मुरूम पाणी पीत होता आणि गावात थेंब न्हाई.

गाव झिऱ्यावर आलं. गयाबाईला ओकाऱ्या आणि जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, "झिऱ्याचं पाणी बंद. टँकरचं उकळून, मीठ-साखर घालून पाजत राहा. अंगातलं पाणी संपलं तर म्हातारी हाती लागायची नाही."

साहेब येणार त्या दिवशी बंदोबस्ताला गंगाधरची जागा नेमकी टँकरच्या तोटीपाशी. सकाळीच तो सरांकडं आला. "सर, एक घागर. माय लई बेजार हाय."

सरांनी कचेरीतल्या अधिकाऱ्यांकडं बघितलं. ते कागद हातात घेऊन समोरच उभे. थेंबभर पाणी दुसरीकडं गेलं तर बघा, असा दम त्यांनी आधीच दिला होता.

"साहेब येऊन जाऊ दे गंगाधर. मग अख्खा टँकर तुझ्या गावाला ने. मी स्वतः येतो."

"सर, एक घागर हो!" मी मधे बोललो. माझं डोकं फिरलं होतं.

"मला कळत न्हाई का?" सर माझ्यावरच खेकसले.

गंगाधर जागेवर जाऊन उभा राहिला. त्याच्या हाताजवळून पाण्याचा फवारा माळावर पडत होता. बारा वाजले. साहेबांचा पत्ता न्हाई. ऊन असं की भिजवलेली जमीन बघता बघता वाळायची, की परत फवारा.

एवढ्यात गावाकडून गंगाधरची बायको येताना दिसली. सुंदराबाई. कमरेवर घागर, पाय अनवाणी. अधिकारी मंडपात सरबत घेत होते. सरांनी इकडं तिकडं बघितलं आणि स्वतःच चार पावलं पुढं गेले.

"ताई, ये लवकर. गुपचूप भर. जा, म्हातारीला पाज."

सुंदराबाईनं घागर तोटीखाली ठेवली. नवऱ्याकडं बघितलं न्हाई. सरांना म्हणाली,

"पाजायला नगं जी आता. न्हाऊ घालन्यापुरतं द्या."

सर जागच्या जागी उभे राहिले. गंगाधरनंच वाकून तोटी सोडली. घागर भरायला लागली आणि आभाळात घरघर ऐकू आली. मंडपातून कुणीतरी ओरडलं, "बंदोबस्त! बंदोबस्त!" सर "सावधान" म्हणाले. आम्ही सगळे ताठ झालो. गंगाधरही झाला. डाव्या हातात घागरीचा काठ, उजव्या हाताचा सॅल्यूट.

हेलिकॉप्टर अलगद उतरलं. साहेब खाली आले, रुमाल नाकाशी नेला, परत खिशात घातला. चहूकडं बघितलं आणि अधिकाऱ्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले,

"अरे वा! धूळ अजिबात नाही!"