मोक्षधामातला कोच

चितेने नीट पेट घेतला की प्रफुल्ल रुमालाने तोंड पुसायचा आणि घसा खाकरायचा. आमच्या पुलगावात अग्नी दिल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत. मोक्षधामाच्या शेडखाली शोकसभा भरते, चार जण बोलतात, दोन मिनिटं मौन होतं, मग सुटका. मौनाआधी उठणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. दोनशे माणसं बसलेली आणि एकालाही हलायची सोय नाही! असं आयतं गिऱ्हाईक कुठे मिळणार, हे अख्ख्या गावात एकट्या प्रफुल्लला सुचलं. एवढी अक्कल दुसऱ्या कशाला लावली असती तर पोराचं भलं झालं असतं.

प्रफुल्ल आमच्याच गल्लीतला. एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. ते सोडलं, मोबाइलवर तीन महिन्यांचा कोर्स केला आणि दारावर ‘लाइफ कोच’ असा बोर्ड ठोकला. समोरच्या म्हातारीने मला विचारलं, “गुडघ्यासाठी काय देते हा?” मी म्हटलं, “काही देत नाई मावशी. निसते सवाल विचारते.”

शोकसभेत त्याचं भाषण ठरलेलं. “काकाजी गेले. पण जाता जाता आपल्याले विचारून गेले, का बा, तू तुह्या आयुष्याचं काय करून राह्यला? उत्तर पाह्यजे असंन तर मी आहोच. प्रफुल्ल, लाइफ कोच, पाण्याच्या टाकीजवळ.” एकदा नव्वदीची एक आजी गेली. बिचारीने उभा जन्म चुलीपुढे काढलेला. हा पठ्ठ्या उभा राहिला आणि म्हणाला, “आजीनं आज कम्फर्ट झोन सोडला.” मला वाटलं, यालाही तिच्यासोबतच पाठवावं.

“लाज नाई वाटत का बे?” मी परतताना विचारलं.

“भाऊ, नवीन माणसानं दिसलं पाह्यजे. दिसलं नाई त कोणी येत नाई.”

“मसणात दिसून कोण येईन तुह्याकडे?”

“येतीन भाऊ. लोकायले ऐकणारं माणूस पाह्यजे. त्यायले मालूम नाई, एवढंच.”

वर्ष गेलं, कुत्रंही आलं नाही. त्यात कोर्सवाल्यांचा नियम होता की सर्टिफिकेटसाठी कोणासोबत तरी सरावाचे तास भरायचे. गल्लीत याला बघितलं की लोक दार लोटून घेत. शेवटी त्याने माझ्या बाबांना धरलं.

बाबांनी जन्मभर वांगी-टमाटे पिकवले. गुडघे गेल्यावर वावर सुटलं, ओटा उरला. माझं बियाण्यांचं दुकान बाजारात. दुपारी जेवायला घरी आलो की ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून प्रफुल्ल बसलेला दिसायचा, मांडीवर वही, आणि बाबा बोलताहेत. माझ्याशी बाबांचे दोनच शब्द असायचे, “आला?” आणि “जेव.” मी टोमणा मारला, “काय बाबा, सक्सेस भेटली का?”

बाबा म्हणाले, “पोरगं इचारते बा. तू कधी इचारलं?”

मी हसण्यावारी नेलं आणि पानावर बसलो.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. तिरडी उचलण्याआधी मी प्रफुल्लचा दंड धरला. “आज तोंड उघडलं त याद राखजो. माह्या बापावर तुही जाहिरात नाई पाह्यजे.”

तो म्हणाला, “बरं भाऊ.”

शोकसभेत बाजारातले एक पुढारी दहा मिनिटं बोलले. त्यातली नऊ स्वतःवर. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभा राहिलो. “माझे बाबा...” एवढं म्हटलं आणि पुढे काही येईना. भाजी पिकवायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याउपर मला काय ठाऊक होतं? काही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, “प्रफुल्ल, तू बोल बा.” त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं. त्याने मान खाली घातली, आणि माझा बाप दोन मिनिटांच्या मौनात आटोपला.

तेरवीचं जेवण झाल्यावर त्याने एक घडी केलेला कागद माझ्या हातात ठेवला. “बोलाचं होतं ते,” म्हणाला आणि निघून गेला.

त्यात लिहिलं होतं, “काकाजी सांगत होते, पोरानं नवीन दुकान टाकलं तवा दर बाजाराच्या दिवशी मी समोरच्या चहाच्या टपरीमागं उभा राहो. गिऱ्हाईक येते का नाई, पाहो. दोन-चार आले का जीव थंडा होये. दुकानात नाई गेलो. त्याले वाटलं असतं, बापाचा भरोसा नाई.”

पहिलं वर्षभर बाबा दुकानाची पायरी चढले नाहीत, हा राग मी वीस वर्षं सांभाळला होता. गावभर बोलूनही दाखवला होता. वाचता वाचता मला रडू फुटलं, चारचौघांत, पंगत उठत असताना.

कागदाच्या खाली एक ओळ होती, ‘प्रफुल्ल, लाइफ कोच, पाण्याच्या टाकीजवळ.’ ती त्याने पेनाने खोडली होती. ओली शाई फिसकटली होती, लिहितानाच खोडलेली; आणि कागदावर तारीख बाबा गेले त्या रात्रीची. म्हणजे मी दम द्यायच्याही आधी.

गाढव लेकाचा! सांगता नाही आलं?

मी तसाच उठून त्याच्या दारात गेलो. त्या बोर्डाखाली उभा राहिलो. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

मी बसलो. म्हटलं, “अबे, अजून काय काय सांगत होते रे बाबा?”