आगरीणबाईंची वही

बाळांनो, भाषेचा अभ्यास कशाने सुरू होतो, असे तुम्ही पत्रात विचारलेत. माझा एका खोडलेल्या वहीने सुरू झाला.

दुपारी डोळा लागला की आजही मला ठाण्याची खाडी दिसते. मिठाचे पांढरे ढीग उन्हात पेटल्यासारखे, पाणी कुठे संपते नि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि पलीकडचा कळव्याचा काठ अधांतरी तरंगतो आहे. तेव्हा मी बारा वर्षांची होते. लग्न झालेले होते, आणि कल्याणहून सासरचा निरोप आला होता, 'मुलीला पाठवा.'

मला इंग्रजी शिकवायला एक मडमबाई घरी येत. त्या इथल्या लोकांच्या बोली लिहून घेत असत. आमच्या गाईला गवत आणणारी एक आगरीणबाई होती. तिचे सारे घर मिठागरावर राबायचे. मडमबाईंनी मला शब्दांची यादी दिली आणि हे शब्द तिला विचारून लिही म्हणाल्या. वही चांगली झाली तर पुढेही शिकवीन, असे त्यांनी बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "वही पाहू. मग कल्याणला काय कळवायचे ते ठरवू."

मी आठ दिवस मागच्या दारी बसले. ती सांगे, मी लिही. पण तिचे शब्द मला ओबडधोबड वाटत, म्हणून प्रत्येक शब्द नीट करून, वळणदार अक्षरात उतरवला. मला वाटले, मी तिच्यावर उपकारच करते आहे.

मडमबाईंनी ती वही तिलाच वाचून दाखवली. आगरीणबाई गवताच्या भाऱ्यावर बसून पोट धरून हसली.

"बाय गो, ही तं बामनाची बोली! माज्या तोंरांत कोनी घातली?"

मडमबाई हसल्या नाहीत. त्यांनी पानापानावर आडवी रेघ मारली. "ती काय बोलते, ते लिही. काय बोलावी, ते नको." आणि नवी वही माझ्यापुढे ठेवून गेल्या.

मला रडू फुटले. आगरीणबाई म्हणाली, "ररू नको. पन आता तू बोल आदी माज्यासारकी, मंग मी सांगन."

मी बोलले. होरी. घोरा. इकरं. ती टाळ्या पिटत होती, आणि आतून आई ओरडत होती, "अगं, जिभेला काय झालंय तुझ्या?"

मला पहिल्यापासून सगळे ओळीत मांडायची सवय. तिचे शब्द एका बाजूला लिहिले, आमचे दुसऱ्या बाजूला, आणि पाहता पाहता हात थांबला. होडी, घोडा, इकडे, तोंड. आम्ही जिथे 'ड' म्हणत होतो, तिथे ती 'र' म्हणत होती. चूक इतक्या शिस्तीने कशी होईल?

बाबांनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे असले अशुद्ध? हेच दाखवून मी सासरच्यांना थांबवू?"

"अशुद्ध नाही, बाबा. नियम आहे. कुठलाही शब्द घ्या, ती कसा म्हणेल ते मी आधी सांगते."

बाबांनी खिडकीबाहेर फणसाकडे पाहिले. "झाड."

"झार म्हणेल."

बाबा मागच्या दारी गेले. ती गाईपुढे गवत पसरत होती. त्यांनी फणसाकडे बोट दाखवले. "काय गं, ही वेल आहे का?"

तिने त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "झार हाय, दादा. दिसत नाय का?"

गाय शांतपणे चघळत होती. बाबांनी आत येऊन दौत मागितली आणि कल्याणला पत्र लिहायला बसले. मी त्यांच्या पाठीमागून वाचले, पहिलीच ओळ होती, 'मुलीचा अभ्यास चालू आहे, वर्षभर थांबावे.'